जनाबाईचा ज

अंबरनाथच्या एमआयडीसीत मोटवानी शेठच्या वर्कशॉपमध्ये जाऊन कुणालाही विचारा, "उस्ताद कुठे?" बोट महेंद्रकडेच जाणार. बावन्न वर्षांचा गडी, पोट थोडं सुटलेलं, मिशी अजून काळी. ती आपोआप काळी आहे, असं त्याचं म्हणणं. तीस वर्षं तो लोखंड जोडतोय. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत राहतो आणि बेलवलीतली निम्मी गेटं नि ग्रिलं त्याच्याच हातची. रस्त्याने जाताना एखाद्या सोसायटीच्या गेटवर थाप मारून "हे आपलं काम" असं सोबतच्या माणसाला सांगायची त्याला खोड आहे. सोबत कोणी नसलं तर वॉचमनला सांगतो.

लोखंड त्याला रंगावरून कळतं. आधी काळपट तांबूस, मग लाल, मग नारिंगी. कुठल्या रंगाला हात आवरायचा आणि कुठल्या रंगाला सोडायचा, याचा त्याला कधी विचार करावा लागला नाही. "लोखंड सांगून गरम होतं," असं तो म्हणायचा, आणि हे वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडायचं की दिवसातून दोनदा तरी ते व्हायचंच.

ॲल्युमिनियम मात्र न सांगता गरम होतं. उस्तादाची फजिती झाली ती तिथेच.

दोन महिन्यांपूर्वी शेठने आर्गनचं मशीन घेतलं. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला या भागात सगळे आर्गनच म्हणतात, कारण जोडताना वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून त्यावर सतत आर्गन वायू सोडावा लागतो. ते मशीन चालवायला सोनिवलीची किर्ती आली. वय चोवीस, आयटीआय झालेली, घरची भातशेती. पहिल्या दिवशी महेंद्रने लांबून तिचं काम पाहिलं. एका हातात आच देणारा टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक सळी, पायाखाली पेडल.

"हे वेल्डिंग आहे का शिलाई मशीन?" तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

किर्ती हेल्मेटच्या आतून म्हणाली, "शिलाईच आहे काका. तुमचं कसं, गोणपाट शिवल्यासारखं."

सगळं वर्कशॉप हसलं. शेठसुद्धा हसले. त्यानंतर दोन महिने महेंद्र तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.

आता टोपाचं सांगायला हवं. बेलवलीच्या विहारात ॲल्युमिनियमचा एक भला मोठा टोप आहे, दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही असा. दर बुद्धपौर्णिमेला त्यात खीर शिजते आणि सगळ्या वस्तीला पुरते. तेहतीस वर्षांपूर्वी वस्तीतल्या अकरा बायकांनी मिळून तो उल्हासनगरच्या बाजारातून आणला होता. तिथल्याच भांडेवाल्याकडून त्यांनी काठाखाली अकराही जणींची नावं घालून घेतली, टोच्याने ठिपका ठिपका मारून. त्यातलं तिसरं नाव जनाबाई. महेंद्रची आई.

जनाबाईला तेव्हा अक्षरओळख नव्हती. टोप घासायला बसली की राखेच्या हाताने ती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसायची. एकदा तिने शेजारच्या शीलाला विचारलं, "यातलं माझं कोणतं गं?" शीला तेव्हा सातवीत होती. मुलगा घरात होता, पण मुलाला विचारायची लाज वाटली. मग ज पासून सुरुवात झाली. टोपावर बोट फिरवता फिरवता जनाबाई आधी स्वतःचं नाव शिकली, मग बाकीच्या दहाजणींची, आणि त्या अकरा नावांत जी अक्षरं नव्हती ती शीलाच्या पाटीवरून. पुढे रेशनच्या दुकानात तिने पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, तेव्हा दुकानदाराचं पेन बराच वेळ हातातच धरून ठेवलं होतं. आज ती एकोणऐंशी वर्षांची आहे. चष्मा लावून पेपर मोठ्याने वाचते, आजूबाजूच्यांनी मागितलेलं नसलं तरी. पण टोप समोर आला की आपलं नाव ती अजूनही बोटानेच वाचते.

यंदा पौर्णिमा शुक्रवारी होती. आधीच्या शनिवारी टोप धुवायला काढला, तर कानाच्या रिव्हेटपासून एक चीर निघून थेट नावांच्या ओळीत शिरलेली. शीला आता महिला मंडळाची अध्यक्ष आहे. ती तडक महेंद्रच्या दारात आली.

"महेंद्रदादा, एवढं होईल ना? का बाहेर कुठे दाखवू?"

"बाहेर?" महेंद्रला ते फारच लागलं. "घरात वेल्डर असताना टोप बाहेर? दोन मिनिटांचं काम आहे."

जनाबाई आतून म्हणाली, "माझं नाव सांभाळ रे बाबा."

रविवारी वर्कशॉप बंद असतं. महेंद्रने शेठना फोन करून किल्ली मिळवली आणि टेम्पोत घालून टोप नेला. किर्ती नव्हती हे त्याला बरंच वाटलं. मशीन चालू केलं, हेल्मेट लावलं, टॉर्च चिरेवर धरला आणि पेडल दाबलं. आर्कची निळसर ज्योत पेटली. मग तो लाल रंगाची वाट बघत बसला.

धातू पांढरा तो पांढराच. महेंद्रला वाटलं, अजून तापलंच नाही. पेडल आणखी दाबलं. तरी लाल होईना. तीस वर्षांची सवय. लाल दिसल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकेना. शेवटी वैतागून त्याने पाय पुरता दाबला, आणि रंग न बदलता, काही न सांगता, तो सगळा तुकडा गळून खाली पडला. बुटावर पडला म्हणून बरं. चामड्याच्या बुटाऐवजी चप्पल असती तर पाऊल गेलं असतं.

हेल्मेट वर करून त्याने बघितलं. चिरेच्या जागी आता लिंबाएवढं भोक होतं, आणि त्या भोकाने नेमका ज खाल्ला होता. ओळीत तिसरं नाव उरलं होतं, नाबाई.

महेंद्र स्टुलावर बसला. आईच्या अख्ख्या शिक्षणाची सुरुवात त्याने दोन मिनिटांत वितळवली होती.

संध्याकाळी जनाबाईने विचारलं, "झाला का टोप?"

"होतोय. मोठं काम निघालं."

"नाव शाबूत आहे ना?"

"आहे ना," महेंद्र ताटाकडे बघत म्हणाला.

सोमवारी सकाळी किर्तीने तिच्या टेबलाखाली झाकून ठेवलेला टोप ओढून काढला. भोकाकडे बघितलं, मग महेंद्रकडे.

"लाल व्हायची वाट बघितली ना काका?"

"तुला काय माहीत?"

"लोखंडवाले सगळे तेच करतात. ॲल्युमिनियम लाल होतच नाही. लाल व्हायच्या कितीतरी आधी वितळतं." मग तिने ओळ वाचली. "ही नाबाई कोण?"

"जनाबाई. माझी आई."

किर्तीचं हसू तिथेच थांबलं. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "शुक्रवारी पौर्णिमा ना? मी दुपारपर्यंत करून देते."

इथे महेंद्रने एक गोष्ट केली, जी त्याला ओळखणाऱ्या कुणालाही खरी वाटणार नाही. त्याने सगळ्या वर्कशॉपदेखत मान खाली घातली. "तू नको करू. मी बिघडवलं, मीच करणार. तू फक्त शिकव."

"मग ऐकावं लागेल."

"ऐकीन."

"शर्टाचं वरचं बटण लावा."

अंबरनाथचा एप्रिल, पत्र्याचं छप्पर, आणि म्हणे बटण लावा! महेंद्रने पहिल्या तासालाच ऐकलं नाही. संध्याकाळी गळ्याखाली आंब्याच्या फोडीएवढा लालभडक त्रिकोण उमटला होता. किर्ती म्हणाली, "चकचकीत धातू आहे काका. आर्कचा उजेड आरशासारखा परत अंगावर येतो. डोळ्याला काचेचं हेल्मेट, अंगाला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नायलॉन नको, ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं." दुसऱ्या दिवशी महेंद्र गळ्यापर्यंत बटणं लावून आला. शेठने विचारलं, "क्या उस्ताद, लग्न आहे का?"

पुढचे दिवस जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर ती त्याला टाकाऊ पत्र्यांवर शिकवत राहिली. लोखंडाच्या सवयी एकेक करून मोडाव्या लागल्या.

"दुधावर साय धरते ना, तशी याच्यावर एक साय असते," ती सांगायची. "डोळ्याला दिसत नाही. पण हट्टी इतकी, की आतला धातू वितळतो त्याच्या तिप्पट गरम झाल्याशिवाय ती वितळत नाही. तुम्ही रविवारी तेच केलं. आत पाणी झालं होतं, वरची साय तेवढी धरून होती. ती सुटली, सगळं खाली."

"मग ती काढायची कशी?"

"थोडी ब्रशने, आधीच. उरलेली मशीन फोडतं. म्हणून मशीन एसी करंटवर ठेवायचं, डीसीवर नाही."

ब्रश म्हणजे स्टीलच्या तारांचा एक छोटा ब्रश, त्याच्या दांड्याला किर्तीने हिरवी रिबन बांधलेली. महेंद्रला ती रिबन पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. मंगळवारी त्याने सहज त्याच ब्रशने एक गंजका लोखंडी अँगल घासला आणि मग तोच ॲल्युमिनियमला लावला. जोड काळाकुट्ट आला, काजळ घातल्यासारखा. किर्तीने ब्रश उलटा करून बघितला, कचऱ्यात टाकला आणि कपाटातून नवा काढला. "रिबन शोभेला नाही काका. हा लोखंडाला लागला की बाद." नव्या ब्रशला महेंद्रने स्वतः रिबन बांधली, दोन गाठी मारून.

त्याच दिवशी उकाड्याने जीव जायला लागला म्हणून त्याने पंखा आपल्याकडे वळवला. जोड फसफसला आणि घावनासारखी जाळी पडली. पंख्याने आर्गन उडवून लावला होता. मग पंखा लांब, खिडक्या उघड्या, अशी तडजोड झाली. धूर बाहेर गेला पाहिजे, पण वारा जोडावर येता कामा नये.

बुधवारी किर्ती खरोखर चिडली, एकदाच. टोप तेहतीस वर्षं चुलीवर चढलेला. तेलकट, काजळी बसलेला. महेंद्रने तो चटकन साफ व्हावा म्हणून मोटारीचे ब्रेक धुवायचा स्प्रे उचलला. किर्तीने धावत येऊन तो हातातून हिसकावला.

"हा नाही! कधीच नाही! याचा अंश राहिला आणि वर आर्क पेटली, तर विषारी वायू होतो. कळायच्या आत माणूस आडवा पडतो."

एवढ्या मोठ्या आवाजात त्या वर्कशॉपमध्ये उस्तादावर कोणी ओरडलं नव्हतं. महेंद्र म्हणाला, "साबण चालेल?"

"साबण चालेल," ती ओशाळून म्हणाली. "गरम पाणी, साबण, आणि पूर्ण कोरडं करायचं. पाण्याचा थेंब राहिला तरी जोडात बुडबुडे." दोघांनी मिळून टोप घासला. राख किर्तीने सोनिवलीहून घरच्या चुलीची आणली.

आणि एक नियम होता, ज्यावर महेंद्र शेवटपर्यंत कुरकुरला. तिच्या टेबलावर कायम खडू असायचा. काही जोडलं की ती लगेच त्यावर लिहायची, गरम.

"हे काय शाळेसारखं?" महेंद्र म्हणाला. "आणि इथे वाचणार कोण?"

"लोखंड सांगून गरम होतं, तुम्हीच म्हणता. हे सांगत नाही. मग आपण सांगायचं."

महेंद्रच्या आवडत्या वाक्याला असं कोणी उलटं लावलं नव्हतं. पण त्याला ते पटलं नव्हतं.

घरी रोज संध्याकाळी तोच प्रश्न. "नाव शाबूत आहे ना?" आणि तेच उत्तर. "आहे ना." प्रत्येक वेळी भाकरीचा घास मोठा होत चालला होता.

गुरुवारी दुपारी टोपाची पाळी आली. महेंद्रने भोक कापून गोल केलं, त्या मापाची ॲल्युमिनियमची चकती बसवली, उरलेल्या चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळणार नाही. रिबनवाला ब्रश फिरवला. मग आतली बाजू नीट दिसावी म्हणून सवयीने टोपात डोकं घालायला गेला.

"काका, आर्गन हवेपेक्षा जड आहे. तळाला साचतो. वास नाही, रंग नाही, आणि श्वास कोंडतो. टोप आडवा करा, बाहेरून जोडा. डोकं उद्या घाला, खिरीसाठी."

टोप आडवा झाला. वरचं बटण लागलं. हेल्मेट खाली आलं.

या वेळी तो रंगाची वाट बघत नव्हता. किर्तीने चार दिवस एकच सांगितलं होतं, रंग नाही, चमक बघा. त्याने पेडल दाबलं. पांढरा धातू तसाच मख्ख. आणि मग आर्कच्या खाली एक छोटा ठिपका अचानक ओला झाल्यासारखा चमकला. त्याने सळीचं टोक लावलं, मागे घेतलं, पुढे सरकला. पुन्हा चमक, पुन्हा सळी. टोप तापत गेला तसा पाय हलका करत गेला, कारण शेवटी सगळाच धातू गरम असतो आणि सुरुवातीइतकी आच दिली की पुन्हा भोक. चकतीभोवतीचं शेवटचं बोटभर अंतर तर त्याने श्वास रोखूनच पार केलं. मग चीर कानापर्यंत भरली आणि पाय उचलला.

किर्ती वाकून बघत होती. एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखा जोड आला होता. सगळी नाणी सारखी नव्हती, मध्ये एकदोन लठ्ठ होती.

"शिलाई आली काका," ती म्हणाली.

महेंद्रने हेल्मेट काढलं. आनंदाने त्याला काय करावं कळेना. मग त्याने टेबलावरचा खडू उचलला आणि टोपावर, चकतीच्या शेजारी, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, गरम.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. शीला उतरली, आणि तिच्या खांद्याला धरून जनाबाई.

"चार दिवस झाले," शीला म्हणाली, "काकी काही ऐकेनात. म्हणे, हा ताटाकडे बघून बोलतो. काहीतरी गडबड आहे."

महेंद्र हातमोजे काढत पुढे येईपर्यंत जनाबाई टोपापाशी पोचली होती. टोप नुसता पांढरा, शांत, नुकत्याच घासलेल्या कुठल्याही भांड्यासारखा. आणि ती काय करणार हे महेंद्रला एका क्षणात कळलं. ती बोट पुढे करणार. तेहतीस वर्षं ती तेच करत आली होती.

"आई!"

बोट टोपापासून चार अंगुळांवर थांबलं. पण महेंद्रच्या हाकेने नाही. जनाबाई चष्म्यातून रोखून बघत होती. "ग, र, म," ती वाचत म्हणाली. "गरम. अगं बाई, गरम आहे होय?" आणि हात मागे घेतला.

महेंद्र आईचा हात दोन्ही हातांत धरून तिथेच उभा राहिला. मघाशी हातात खडू आला नसता तर काय झालं असतं, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं.

"काय झालं रे? लिहिलंय की," जनाबाई म्हणाली. मग तिची नजर शेजारी गेली. "माझा ज कुठाय?"

"मी जाळला आई. रविवारीच. तेव्हापासून खोटं बोलतोय."

जनाबाईने उरलेली अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि महेंद्रला वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

"नाबाई! अख्खा जन्म सगळ्यांना हो हो करण्यात गेला. म्हातारपणी तरी ना बाई म्हणायला मिळालं!"

शीला हसली, किर्ती हसली, पलीकडे उभे असलेले शेठही हसले. किर्तीने संधी साधून सगळं सांगून टाकलं. ब्रश, पंखा, गळ्यावरचा त्रिकोण, आणि "इथे वाचणार कोण" हे सुद्धा. जनाबाईने ते विशेष लक्ष देऊन ऐकलं.

टोप निवायला वेळ लागला. त्यात पाणी भरून ठेवलं, कुठे झिरपतंय का बघितलं, एक थेंब आला नाही. महेंद्रने कानशीने चकतीचा पृष्ठभाग सारखा केला, टोच्या आणि हातोडी घेतली आणि ज काढायला बसला.

"दे इकडे," जनाबाई म्हणाली.

"आई, तुला नाही जमणार."

"त्या वेळी दुसऱ्याने घातलं, कारण मला येत नव्हतं. आता येतं."

महेंद्रने टोच्या दिला. किर्ती धावत जाऊन पारदर्शक गॉगल घेऊन आली. "आजी, आधी हे. ठोकताना बारीक कण उडतो." जनाबाईने चष्म्यावर गॉगल चढवला, पदर खोचला आणि पहिला ठोका मारला. महेंद्र टोप धरून बसला होता. प्रत्येक ठोका त्याच्या तळहातात लागत होता. बराच वेळ लागला. ज बाकीच्या अक्षरांपेक्षा दुप्पट मोठा आला, थोडा कलंडलेला, आणि त्याचं शेपूट थेट वेल्डिंगवर चढलं. जनाबाईने गॉगल वर केला, डोळे मिटले आणि बोटाने सुरुवातीपासून नाव वाचलं.

शुक्रवारी खिरीला किर्तीला बोलावणं होतं. ती आईला घेऊन आली. महेंद्रने विहाराच्या दारातच सगळ्यांना सांगितलं, "ही किर्ती. आमची उस्ताद." शीलाने विचारलं, "मग तू कोण?" तो म्हणाला, "मी गोणपाटवाला."

खीर तयार झाली. दोघांनी टोप चुलीवरून उतरवून ओट्यावर ठेवला. वेलचीचा वास सगळीकडे दरवळत होता, आणि महेंद्रला राहवेना. झाकण उघडायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात जनाबाईची काठी आडवी आली.

टोपाच्या अंगावर, त्या मोठ्या कलंडलेल्या ज च्या खाली, खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. खडू तिच्या कनवटीला होता.

"वाचता येतं ना?" जनाबाई म्हणाली. "मग वाच."